चेहऱ्याची निगा : उटणें, देवी आणि मलम

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या पात्रापर्यंत पसरलेल्या काळ्या मातीच्या पट्ट्यांत, अरुणावतीच्या कांठीं, शिरपूर वसलें आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना राजमार्ग याच बाजूनें सातपुडा ओलांडावयास निघतो. पेशवाई बुडाल्यावर १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या अमलाखालीं गेला. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि शिरपूर पश्चिम खानदेशांत, म्हणजे आजच्या धुळें जिल्ह्यांत, राहिलें. या मुलखाची हवा मनुष्याच्या कातडीला सोपी नाहीं. वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. कापसाच्या आणि भुईमुगाच्या शेतांत राबणाऱ्या बाईला पदर कपाळावर ओढून घेण्यापलीकडे दुसरी सावली नसते. पुढें मार्गशीर्ष-पौषांत कोरडा गार वारा सुटला म्हणजे गाल उलतात, ओठ फुटतात. अशा ठिकाणीं चेहऱ्याची निगा हा केवळ नटण्यामुरडण्याचा विषय कधींच नव्हता.

हातपाय झांकतां येतात. चेहरा उघडाच राहतो. ऊन, धूळ, रोग आणि लोकांची नजर हीं चारहि प्रथम त्याच्यावरच पडतात. म्हणून चेहऱ्याच्या काळजीचा इतिहास सांगावयाचा तर तो नुसत्या लेपांचा आणि सुगंधांचा होत नाहीं. तो रोगांचा, कायद्यांचा आणि बाजाराचाहि होतो. घरानें काय केलें, समाजानें काय केलें आणि दुकानानें काय केलें, हें निरनिराळें पाहिलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. चेहऱ्यावर सर्वांत मोठा उपकार ज्या उपायानें केला तो सौंदर्यासाठीं कोणी घेतलाच नव्हता; आणि पुढील काळांत चेहऱ्याचा घात ज्या वस्तूंनीं केला त्यांतल्या पुष्कळशा सौंदर्याच्याच नांवानें विकल्या गेल्या.

आपल्या जुन्या वैद्यकानें चेहऱ्याकडे दुर्लक्ष केलें नव्हतें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ‘क्षुद्ररोग’ या सदराखालीं चव्वेचाळीस विकारांची गणना आहे. त्यांत तरुणपणीं तोंडावर उठणाऱ्या, सांवरीच्या कांट्यांसारख्या पुळ्यांना ‘मुखदूषिका’ म्हटलें आहे; आज आपण त्यांना तारुण्यपीटिका किंवा मुरूम म्हणतों. तोंडावर उमटणाऱ्या, न दुखणाऱ्या काळसर डागाला ‘व्यंग’ असें नांव आहे. घरोघरच्या बोलींत तें वांग होय. ‘क्षुद्र’ म्हणजे लहान. हे विकार जीव घेत नाहींत, म्हणून त्यांना लहान म्हटलें. परंतु ज्याच्या तोंडावर ते उठतात त्याला ते लहान वाटत नाहींत, हें त्या वैद्यांनाहि ठाऊक होतें. नाहीं तर त्यांनीं त्यांवर इतके लेप सांगितले नसते.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत तर मुखलेपाचें एक लहानसें शास्त्रच आढळतें. दोष घालविणारा, विष उतरविणारा आणि वर्ण खुलविणारा असे लेपाचे तीन प्रकार. त्याची जाडी किती बोटें असावी याचें माप. आणि सहा ऋतूंचे सहा निरनिराळे लेप, एवढें सर्व तेथें सांगितलें आहे. लेप लावून दिवसा झोंपूं नये, बोलूं नये, ऊन व विस्तव टाळावा, राग आणि शोक करूं नये, असेहि नियम आहेत. त्यांतला सर्वांत शहाणपणाचा नियम असा कीं, लेप तोंडावर पार वाळूं देऊं नये. तो ओलावून काढावा व नंतर चेहऱ्याला तेल लावावें. वाळलेला लेप त्वचेचें नुकसान करतो हें निरीक्षण आजहि खरें आहे. वाळतांना लेप आकसतो, कातडी ओढतो, आणि तो खरवडून काढतांना त्वचेचा वरचा नाजूक थर सोलला जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लासां’त स्नान आणि विलेपन यांना राजाच्या उपभोगांत मानाचें स्थान दिलें आहे. परंतु चंदन-केशर-कस्तुरीचें तें विलेपन राजवाड्यांतलें होतें. सामान्य घराची रीत निराळी होती.

सामान्य घरांत चेहऱ्याची निगा दोन गोष्टींवर उभी होती: मळ काढणें आणि तेल लावणें. दिवाळीच्या पहांटेचें अभ्यंग हें तिचें मोठें रूप. तिळाचें तेल अंगाला चोळावयाचें आणि मग नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, वाळा, चंदन यांचें उटणें लावून स्नान करावयाचें. रोजच्या वापरांत हरभऱ्याचें किंवा मसुरीचें पीठ दुधांत कालवून तोंडाला चोळीत. थंडींत साय किंवा लोणी लावीत. यांत जादू कांहीं नव्हती. पीठ हें चेहऱ्यावरील जादा तेल आणि धूळ टिपून घेतें. तेल व साय यांचा पातळ पापुद्रा कातडींतील ओलावा उडूं देत नाहीं. खानदेशाच्या कोरड्या थंडींत उललेल्या गालांना याहून फार वेगळें औषध आजहि लागत नाहीं. हा क्रम स्वस्त होता, घरांतल्या घरांत होणारा होता, आणि त्यानें बहुधा अपाय होत नसे. अपाय होई तो चोळण्याच्या अतिरेकानें. मुरूम उठलेल्या तोंडावर जाडेंभरडें पीठ घांसलें म्हणजे पुळ्या फुटून पसरतात. लिंबाचा रस लावून उन्हांत गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. घरगुती तेवढें सर्व निरुपद्रवी, असें मात्र समजूं नये.

हळदीचें स्थान या सर्वांत निराळें. लग्नांत नवरानवरीला हळद लागते. जखम झाली कीं आधीं हळदीची चिमूट आठवते. या घरगुती ज्ञानाची एकदां जगाच्या दरबारांत परीक्षाहि झाली. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या दोघां संशोधकांना, जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचें पेटंट मिळालें. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असतांना, या पेटंटाला आव्हान दिलें. जुने ग्रंथ व लेख पुरावा म्हणून पुढें ठेवले गेले, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. आजीबाईच्या बटव्यांतली वस्तु कोणाची खाजगी मालमत्ता नव्हे, हें त्यांत ठरलें. मात्र हळद सर्व चर्मरोगांवर चालते किंवा ती सांवळ्याला गोरें करते, असें त्यांत कोठेंच ठरलें नाहीं. आणि हा फरक विसरणें पुढें अनेकांच्या सोयीचें झालें.

परंतु उटणें, हळद आणि साय या तिघांनाहि एका शत्रूपुढें हात टेकावे लागत. तो शत्रू म्हणजे देवीचा रोग. त्याचें नांवच त्याच्या धाकाची साक्ष देतें. घरांत कोणाला देवी आल्या म्हणजे दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधीत, फोडणी देणें बंद करीत, आणि रोग्याला रोगी न म्हणतां त्याच्या अंगांत देवी आली आहे असें मानीत. या रोगाच्या उग्र प्रकारांत शंभरांतले सुमारें तीस रोगी दगावत. जे वांचत त्यांचा चेहरा बहुधा वांचत नसे. देवीचे फोड अंगापेक्षां तोंडावर अधिक दाट उठतात आणि त्वचेतील तैलग्रंथींचा नाश करतात. म्हणून खपली पडली तरी खड्डे कायमचे राहतात. वांचलेल्यांपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिकांच्या तोंडावर असे वण उरत. कित्येकांचे डोळे जात. आपल्या आजीपणजीच्या पिढींत ‘तोंडावर देवीचे वण’ ही माणसाची ओळख सांगण्याची साधी खूण होती. मुलीचें लग्न जमविण्यापूर्वीं तिला देवी येऊन गेल्या आहेत काय, आणि गेल्या असल्यास वण राहिले आहेत काय, या प्रश्नावर कित्येक घरांचें सुख टांगलेलें असे.

या संकटावरचा उपाय सौंदर्यप्रसाधनांच्या पेटींतून आला नाहीं. इंग्लंडांत एडवर्ड जेन्नर यानें १७९६ सालीं गोस्तनदेवीच्या लशीचा पहिला प्रयोग केला. ती लस बगदाद व बसऱ्याच्या वाटेनें मुंबईस पोंचली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती यशस्वी झाली. हिंदुस्थानांत लस टोंचलेलें तें पहिलें मूल. तिच्या फोडांतील लस काढून पुढें इतर मुलांना टोंचली, आणि तेथून ती पुण्याकडे व देशाच्या इतर भागांत गेली. त्या काळीं लस बाटलींत टिकत नसे. ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्या मुलाच्या दंडावर अशीच चालती ठेवावी लागे.

हीच गोष्ट लोकांना रुचेना. परक्या मुलाच्या अंगांतला स्राव आपल्या मुलाच्या अंगांत घालणें हें सोंवळ्याओंवळ्याच्या समाजाला विटाळाचें वाटे. शिवाय देवीचा कोप होईल ही भीति निराळीच. मूल घेऊन जाणें, त्याच्या दंडाला जखम करणें, आणि आठवड्यानें पुन्हां त्याच फोडांतून लस काढणें, हें आईबापांना असह्य होई. पुढें वासरांवर तयार केलेली लस आली तेव्हां यांतील बरीचशी अडचण दूर झाली. मुंबई शहरापुरता सक्तीचा कायदा १८७७ सालीं झाला, आणि जिल्ह्यांसाठीं निराळा कायदा १८९२ सालीं. देवी टोंचणारा सरकारी नोकर गांवोगांव फिरूं लागला. आपल्या भाषेनें या उपायाला जें नांव दिलें तें मोठें अर्थपूर्ण आहे. लस टोंचणें याला लोक ‘देवी काढणें’ म्हणूं लागले. ज्या देवीला भ्यावयाचें, तिलाच दंडावर बोलावून तोंडावरून घालवावयाचें, असा हा करार होता. दंडावरचा एक वण पत्करून तोंडावरचे शेंकडों वण चुकविण्याचा हा सौदा हळूहळू खेड्यापाड्यांनींहि मान्य केला.

तरीहि रोग लवकर गेला नाहीं. १९७४ सालीं भारतांत देवीच्या १,८८,००० च्या वर रुग्णांची नोंद झाली आणि ३१,००० हून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर घरोघर शोध घेऊन, प्रत्येक रोग्याभोंवतीच्या सर्वांना लस टोंचण्याची मोहीम तडीस गेली. भारतांतील अखेरचा रुग्ण मे १९७५ मधला. आणि ८ मे १९८० रोजीं हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य परिषदेनें जाहीर केलें. आज शिरपुरांतल्या एखाद्या शाळेच्या वर्गावरून नजर फिरविली तर देवीच्या वणाचा एकहि चेहरा दिसणार नाहीं. कोणत्याहि लेपानें, कोणत्याहि अत्तरानें मनुष्याच्या मुखकांतीवर एवढे उपकार केलेले नाहींत. आणि या उपकाराची किंमत कोणाहि एका घरानें एकट्यानें दिली नाहीं. शेजाऱ्याच्या मुलालाहि लस टोंचली गेली, म्हणूनच आपलें मूल वांचलें.

दरम्यान दुकानाचा उदय झाला होता. विलायती साबण प्रथम आले. पीअर्स साबणाच्या एकोणिसाव्या शतकांतील जाहिरातींत काळें मूल धुऊन गोरें झालेलें दाखवीत. मळ आणि रंग यांचा घोटाळा करण्याची ही युक्ति तेव्हांपासूनची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वदेशीच्या लाटेंत मुंबईंत अर्देशीर गोदरेज यांनीं चरबीऐवजीं वनस्पतितेलापासून साबण काढला, आणि ई. एस. पाटणवाला यांचा ‘अफगाण स्नो’ सुशिक्षित घरांतील आरशापुढें जाऊन बसला. ‘स्नो’ हें स्टिअरिक आम्ल आणि पाणी यांचें मिश्रण. तोंडावर चोळतांच तें दिसेनासें होई आणि पावडर बसावयास सोय होई. इतपत सर्व ठीक होतें. केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं स्थापिलेल्या विको उद्योगानें पुढें हळदीचें क्रीम आणलें. तें प्रसाधन कीं आयुर्वेदीय औषध, या प्रश्नावर अबकारी खात्याशीं वर्षानुवर्षें वाद चालून, २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूनें लागला. वाद कराचा होता. पण मूळ प्रश्न विचार करण्याजोगा आहे. तोंडाला लावावयाची वस्तु सजविणारी कीं बरें करणारी, हें गिऱ्हाइकाला कळावें कसें?

१९७५ सालीं ‘फेअर अँड लव्हली’ बाजारांत आलें आणि रंग हाच मालाचा मुख्य विषय झाला. २०२० सालीं त्याच्या नांवांतून ‘फेअर’ हा शब्द काढण्यांत आला. हवा मात्र पुरती पालटली नाहीं. वस्तुतः त्वचेचा रंग मेलॅनिन नांवाच्या द्रव्यावर अवलंबून असतो, आणि खानदेशासारख्या प्रखर उन्हाच्या मुलखांत हें द्रव्य म्हणजे निसर्गानें दिलेली छत्रीच आहे. ज्या महाराष्ट्रानें विठ्ठलाच्या सांवळेपणावर शतकानुशतकें जीव टाकला, त्यानेंच वधूच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द पहिल्या ओळींत छापावा, ही विसंगति थोडी नव्हे.

या हव्यासाला एक खरें औषध भलत्या वाटेनें सांपडलें. कॉर्टिसोन हें द्रव्य १९४८ सालीं प्रथम संधिवाताच्या रोग्यांना देण्यांत आलें व त्या संशोधनाला १९५० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९५२ सालीं त्याच जातीचें मलम त्वचारोगांवर उपयोगी ठरलें. इसबासारख्या विकारांत, वैद्याच्या देखरेखीखालीं, ठराविक दिवस वापरलेलें हें स्टिरॉइडचें मलम वरदानच आहे. परंतु त्यानें रक्तवाहिन्या आकसून तोंड तात्पुरतें उजळतें, लाली आणि खाज त्वरित थांबते. एवढ्यावरून तें गोरेपणाचें, मुरमाचें, नायट्याचें, सर्वच दुखण्यांचें मलम म्हणून दुकानांतून विकलें जाऊं लागलें. महिन्यांमागून महिने लावल्यावर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसूं लागतात, ओठांभोंवतीं केंस उगवतात, मुरूम दुपटीनें उठतात. आणि मलम सोडतांच तोंडाची आग होते, म्हणून रोगी पुन्हां तेंच मलम लावतो. नायटा तर त्यानें वरून दबतो आणि आंतून पसरतो. देशांतील निरनिराळ्या केंद्रांत केलेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत चेहऱ्याच्या विकारांचे २,९२६ रुग्ण तपासले. त्यांपैकीं ४३३ जण असें मलम लावीत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना तें डॉक्टरखेरीज इतर कोणीतरी सुचविलें होतें. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा चौदा मलमांच्या विक्रीस डॉक्टरची चिठ्ठी आवश्यक केली. कायदा झाला, पण चिठ्ठीवांचून नळी मागणारा आणि देणारा हे दोघेहि अजून आहेतच.

दुसरें विष पाऱ्याचें. पारा मेलॅनिन तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून कांहीं बेनांवी क्रीमांत तो घालतात. तोच त्वचेवाटे शरीरांत शिरून मूत्रपिंडें नासवितो. केरळांतील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीं २०२१ ते २०२३ या काळांतील अशा मूत्रपिंडविकाराचे बावीस रुग्ण अभ्यासले. त्यांपैकीं पंधरा जणांत रोगाचा एक विशिष्ट, एरव्हीं क्वचित् आढळणारा प्रकार दिसला, आणि त्या पंधरांपैकीं तेरा जण गोरें करणारें क्रीम लावीत होते. आपल्याकडील २०२० च्या नियमांप्रमाणें प्रसाधनांत पारा हेतुतः घालण्यास बंदी आहे. तो अजाणतां आला तरी, डोळ्यांचीं प्रसाधनें वगळतां, दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाहीं. ज्या डबीवर करणाऱ्याचें नांव नाहीं, आंतल्या द्रव्यांची यादी नाहीं, ती कितीहि ‘वनौषधी’ म्हणून दिली तरी घरांत घेऊं नये, एवढा तरी बोध यांतून घ्यावा.

इतिहासाची ही वाट पाहिल्यावर रोजच्या तक्रारींकडे अधिक शांतपणें पाहतां येतें. मुरूम हे रक्तांतली घाण नव्हे कीं अंगांतली उष्णता नव्हे. वयांत येतांना तैलग्रंथी अधिक तेल करूं लागतात, त्यांचीं तोंडें बुजतात आणि त्यांत जंतू वाढतात. ते फोडल्यानें वण राहतो. औषध घेतलें तरी गुण यावयास सहा ते आठ आठवडे लागतात, आणि नेमकी येथेंच धीर सुटून माणूस भलत्या मलमाकडे वळतो. वांगाला ऊन हें मोठें कारण आहे; गरोदरपणींहि तें उमटतें; म्हणून पदर, छत्री आणि ऊन अडविणारें मलम हीं त्यावरील पहिलीं औषधें. मुलांच्या गालांवर फिकट चट्टे दिसले कीं आया जंतांना दोष देतात. बहुधा तो कोरडेपणा असतो आणि साध्या तेलानें निवतो. कोड हा संसर्गजन्य नाहीं व त्याचा महारोगाशीं कांहीं संबंध नाहीं. मात्र ज्या फिकट चट्ट्याला स्पर्श कळत नाहीं तो ताबडतोब सरकारी दवाखान्यांत दाखवावा. महारोगावर निश्चित गुण देणारीं औषधें १९८२ सालापासून प्रचारांत आहेत आणि तीं सरकारांतून फुकट मिळतात. उशीर केला तरच चेहरा आणि बोटें विद्रूप होतात.

शिरपुरांत १९९२ सालीं आर. सी. पटेल यांच्या नांवाचें औषधनिर्माणशास्त्राचें महाविद्यालय निघालें. ज्या गांवानें एके काळीं देवीपुढें कडुलिंबाचे डहाळे बांधले, त्याच गांवांत आज कोणत्या नळींत कोणतें द्रव्य किती आहे हें मोजण्याची विद्या शिकविली जाते. ती विद्या प्रयोगशाळेंतून घरच्या आरशापर्यंत पोंचली पाहिजे. उटण्यानें मळ काढला, तेलानें ओलावा राखला, लशीनें वण टाळले. यांपैकीं कोणीहि माणसाचा रंग बदलण्याचें वचन दिलें नव्हतें. जें तसें वचन देतें, त्याची किंमत नळीवर छापलेल्या आंकड्याहून मोठी असते, आणि ती बहुधा चेहऱ्यालाच चुकती करावी लागते.